एका पत्रपेटीचें परीक्षण

ग्रंथांचें, नाटकांचें आणि चित्रांचें परीक्षण करण्याची पद्धति आपल्याकडे चांगलीच रुळलेली आहे. परंतु ज्या साधनांच्या संगतींत सुशिक्षित माणसाच्या दिवसाचा मोठा भाग जातो, त्या साधनांचें परीक्षण मात्र आपण सहसा करीत नाहीं. तीं बिघडलीं तर दुरुस्त करणाऱ्याला बोलावतों. न बिघडतां त्रास देऊं लागलीं तर आपल्याच अज्ञानाला दोष देऊन गप्प बसतों. कादंबरींतील एखादें पात्र तिसऱ्या प्रकरणांत कारणाशिवाय नाहींसें झालें तर आपण लेखकाला जाब विचारतों. पण रोजच्या वापरांतील ई-मेलच्या सॉफ्टवेअरमधून एखादी आवश्यक सोय कारणाशिवाय नाहींशी झाली, तर ‘नवी आवृत्ति आहे, असेंच असावयाचें’ असें म्हणून मान तुकवतों. वास्तविक सॉफ्टवेअर हीदेखील मनुष्यानें रचलेली कृति आहे. तिला रचनाकार आहे, हेतु आहे, आणि पुस्तकाला जसा वाचक असतो तसा तिला वापरणारा आहे. जेथें रचना आणि हेतु आहेत तेथें टीकेला जागा आहेच. या समजुतीनें मी आज एका पुस्तकाऐवजीं एका पत्रपेटीचें परीक्षण वाचकांपुढें ठेवीत आहें. ज्यांचा मुलगा पुण्यास, मुलगी परदेशीं, आणि बँकेचें, विम्याचें व विजेच्या बिलाचें पत्र ज्यांच्या मोबाईलवर येऊन पडतें, अशा कुटुंबांना हा विषय परका वाटूं नये.

माझें गांव बीबी. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांत, मेहकरकडून सिंदखेडराजा व जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तें आहे. अध्यापनाच्या निमित्तानें आयुष्याचीं बरींच वर्षें बाहेर गेलीं, तरी सुटींत मी येथेंच येतों, आणि हा लेखहि येथेंच बसून लिहीत आहें. जिल्ह्यांतील रेल्वेचा मुख्य मार्ग उत्तरेकडच्या मलकापूर, नांदुरा, शेगांव या बाजूनें जातो. दक्षिणेकडील आमच्या भागाला रेल्वे नाहीं. म्हणून माझ्या लहानपणीं आमचें टपाल एस. टी.च्या मोटारीनें येत असे. थैली उतरली कीं पोस्टांत ती जमिनीवर उपडी होई, आणि पोस्टमास्तर पांच-सात मिनिटांत त्या ढिगाचे लहान लहान गठ्ठे करीत. शाळेचें टपाल एकीकडे, ग्रामपंचायतीचें दुसरीकडे, दुकानदारांचें तिसरीकडे, आणि वाड्यावस्त्यांवर जाणारें पायाशीं. एखादें कोपरा फाडलेलें कार्ड हातीं आलें कीं तें मात्र कोणत्याच गठ्ठ्यांत न टाकतां ते आधीं त्या घरीं पोंचतें करीत. त्या वयांत मला तें एक साधें काम वाटे. आज कळतें कीं ती एक विद्या होती. आलेल्या पत्राकडे पाहून त्याचें स्थान ओळखावयाचें, आणि तें त्याच स्थानीं ठेवावयाचें, एवढेंच तिचें सूत्र. पण तें चुकलें तर एखाद्याला आपल्या माणसाच्या अंत्यसंस्काराला जावयास मिळत नसे.

या विद्येला आपल्या देशांत अंकांचें रूप देणारे गृहस्थ मराठी होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील वरिष्ठ अधिकारी, आणि त्याचबरोबर संस्कृतचे नामवंत कवि. त्यांनीं आखलेली सहा अंकांची पिन पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. भाषा अनेक, लिप्या अनेक, अक्षर सुवाच्य असेलच असें नाहीं, आणि एकाच नांवाचीं गांवें ठिकठिकाणीं, अशी त्या वेळची अडचण होती. आमच्या बीबीचेंच उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यांत दुसरी एक बीबी आहे. दोन्हींचा पहिला अंक ४, कारण महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगढ हा सारा मुलूख त्या अंकाखालीं येतो. दुसरा अंकहि ४. वाट फुटते ती तिसऱ्या अंकाशीं. आमची बीबी ४४३ मध्यें, तिकडची ४४२ मध्यें. एका अंकानें शेंकडों किलोमीटरांची चूक टळते. या योजनेचें मर्म असें कीं, पत्र निवडणाऱ्याला त्यावरील भाषा यावी, किंवा तें गांव त्यानें पाहिलेलें असावें, याची गरजच उरली नाहीं. नियम कळला म्हणजे पुरे. आणि याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, तो नियम सर्व टपालाला सारखाच लागू होता. अमुक पेटींत पडलेलीं पत्रेंच तेवढीं निवडीन, दुसऱ्या पेटींतलीं तशींच ढिगांत ठेवीन, असें कोणत्याहि सॉर्टरानें कधीं म्हटलें नाहीं.

मागें जावयाचें तर आपल्या दप्तरांची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी हे विभाग काय किंवा कागदांचे ते रुमाल काय, सर्वांच्या मुळाशीं एकच जाणीव आहे: कागद नुसता जपून ठेवणें म्हणजे जपणें नव्हे, पाहिजे तेव्हां तो हातीं लागला पाहिजे. मूळच्या कारकुनांनीं आणि पुढें इंग्रजी अमलांतील दप्तरदारांनीं कागदांना कांहीं एक क्रम लावून ठेवला होता, म्हणूनच १९३० नंतर रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं त्या दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध होऊं शकले. क्रम नसता तर त्या कागदांचा केवळ ढीगच उरला असता. आणि ढिगाला इतिहास म्हणत नाहींत.

ई-मेलच्या जन्मदात्यांनाहि हें लवकर उमगलें होतें. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे निरोप धाडला, आणि माणसाचें नांव व त्याचें ठिकाण यांच्यामध्यें ‘ॲट’चें तें चिन्ह घातलें. पुढल्या पंधरा वर्षांतच निरोपांचा ढीग एवढा वाढला कीं, अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें टॉमस मॅलोन व त्यांचे सहकारी यांनीं ‘इन्फर्मेशन लेन्स’ नांवाची एक योजना रचली. तिचें विवेचन करणारा त्यांचा निबंध १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. तींत पत्र वाचणाऱ्यानें स्वतःच नियम लिहून ठेवावयाचे: अमुकाकडून आलेलें पत्र अमुक कप्प्यांत ठेव, अमुक विषयाचें मला आधीं दाखव. १९८८ सालीं इलिनॉय विद्यापीठांत स्टीव्ह डॉर्नर यांनीं ‘यूडोरा’ ही पत्रपेटी तयार केली. तिचें नांव वाङ्मयाच्या वाचकांना गोड वाटेल असें आहे. यूडोरा वेल्टी या अमेरिकन लेखिकेची पोस्टांत राहावयास गेलेल्या एका बाईविषयींची १९४१ सालची कथा डॉर्नर यांच्या मनांत घोळत होती, म्हणून त्यांनीं पेटीला लेखिकेचेंच नांव दिलें. याहि पेटींत पुढें पत्रें निवडण्याचे नियम आले. १९९० सालीं ‘प्रॉकमेल’ नांवाचें, केवळ निवडीचेंच काम करणारें साधन निघालें. आणि २००१ सालीं ‘सीव्ह’, म्हणजे चाळणी, या समर्पक नांवाची एक स्वतंत्र लहानशी भाषाच इंटरनेटच्या मानकांत दाखल झाली. आपल्या देशांत एर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा आरंभ १९८६ चा. आणि सामान्य नागरिकांसाठीं विदेश संचार निगमानें इंटरनेट खुलें केलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, म्हणजे योगायोगानें पिन पद्धतीच्याच तारखेस. सारांश, पत्र निवडण्याचा नियम हा या क्षेत्रांतील नवा लाड नव्हे. त्याला जवळजवळ चाळीस वर्षांची परंपरा आहे.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत पत्रपेटीकडे वळूं. ती एका मोठ्या परदेशी कंपनीची आहे. कंपनीचें नांव मी मुद्दाम देत नाहीं, कारण मला खटला चालवावयाचा नाहीं, एका प्रवृत्तीचा विचार करावयाचा आहे. प्रथम गुण सांगितले पाहिजेत. पेटी दिसावयास नेटकी आहे. देवनागरी अक्षरें ती स्वच्छ दाखवते, जोडाक्षरें मोडत नाहींत. जुनें पत्र शोधण्याची सोय चांगली आहे; तारखा-वारांचें टिपण तिला जोडलेलें आहे. आणि तिचें मुख्य अभिवचन असें कीं, तुमचीं सारीं खातीं, मग तीं कोणत्याहि कंपनीचीं असोत, एकाच खिडकींत आणून देऊं. माझ्यासारख्या माणसाला हें अभिवचन मोहक वाटलें तर नवल नाहीं. माझें महाविद्यालयाचें खातें याच कंपनीच्या सर्व्हरवर आहे. त्याला आपण घरचें खातें म्हणूं. त्याखेरीज वीस वर्षांपूर्वीं उघडलेलें एक खासगी खातें, आणि एका अभ्यासमंडळाच्या कामासाठीं मिळालेलें एक, अशीं दोन परकीं खातीं आहेत. तिन्ही मीं या पेटींत जोडलीं. तीं निमूटपणें जोडलीं गेलीं. पत्रें येऊं लागलीं. मी संतुष्ट झालों.

दोष दिसला तो नियम लिहावयास बसलों तेव्हां. घरच्या खात्यासाठीं नियमांचें दालन सुसज्ज आहे. प्रेषक कोण, विषयांत कोणता शब्द, सोबत कागद जोडला आहे कीं नाहीं, अशा अटी घालून पत्र कोठें ठेवावयाचें तें सांगतां येतें, आणि सांगितल्याबरहुकूम तें होतें. परंतु नियम कोणत्या खात्याला लावावयाचा, हें विचारणाऱ्या यादींत नांव एकच: घरच्या खात्याचें. परक्या दोन खात्यांचा तेथें उल्लेखच नाहीं. ‘हें करतां येणार नाहीं’ अशी सूचना नाहीं, कां येणार नाहीं याचें कारण नाहीं, दुसरा मार्ग कोणता याचा इशारा नाहीं. नकार दिला असता तर निदान वाद घालतां आला असता. येथें नकारहि नाहीं, नुसतें मौन आहे. आपल्या जुन्या घरांत एखाद्या पाहुण्याला ओसरीवर बसवून घ्यावें, पाणीहि द्यावें, आणि पंगत मांडतांना त्याचें पान तेवढें मांडावयाचें राहावें, तसा हा प्रकार आहे. पान विसरून राहिलें कीं मुद्दाम मांडलें नाहीं, हें पाहुण्याला विचारतां येत नाहीं.

ही केवळ गैरसोय असती तर मीं तिच्यावर एवढे शब्द खर्चिले नसते. परंतु ज्या प्रसंगानें मला हा लेख लिहावयास लावलें तो सांगणें प्राप्त आहे. आमच्याच भागांतील एका खेड्यांतील एक विद्यार्थिनी, घराण्यांतली पहिली पदवीधर, पदव्युत्तर शिक्षणासाठीं बाहेरगांवच्या एका संस्थेंत अर्ज करीत होती. तिला दोन अध्यापकांचीं शिफारसपत्रें हवीं होतीं. आजकाल हीं पत्रें विद्यार्थ्याच्या हातीं देत नाहींत. संस्थेचा संगणक आपण होऊन अध्यापकाला ई-मेल धाडतो, आणि त्यांतील दुव्यावर ठरलेल्या मुदतींत मजकूर भरावयाचा असतो. घरच्या खात्यांत असल्या पत्रांसाठीं माझा एक नियम फार दिवसांपासून आहे. विषयांत शिफारसीचा उल्लेख असला कीं पत्र ‘शिफारसी’ या कप्प्यांत जाऊन बसतें, आणि तो कप्पा मी दररोज सकाळीं न चुकतां पाहतों. मुलीनें अर्जांत माझा पत्ता दिला तो जुन्या खासगी खात्याचा. तिच्याजवळच्या टिपणांवर तोच छापलेला होता. संगणकाचें पत्र त्या खात्यांत आलें. दिवस परीक्षांचे होते. त्या खात्यांत जाहिराती, बँकेच्या सूचना, परिसंवादांचीं निमंत्रणें आणि वर्गणी संपल्याचे तगादे मिळून रोज शंभरावर पत्रें पडत होतीं. तें पत्र त्या ढिगाखालीं गेलें. मी रोज सकाळीं ‘शिफारसी’चा कप्पा उघडीत होतों, तो रिकामा पाहत होतों, आणि निश्चिंत होत होतों. मुदत संपल्यावर चौथ्या दिवशीं तें पत्र मला दिसलें.

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पेटींत कोणतेच नियम नसते, तर मीं सारीं पत्रें हातानें चाळलीं असतीं. नियम सर्व खात्यांना असते, तर पत्र कप्प्यांत पडलें असतें. घात झाला तो अर्ध्या व्यवस्थेनें. ज्या व्यवस्थेवर आपण विसंबतों ती अर्धीच आहे, हें जर तिनें स्वतः सांगितलें नाहीं, तर ती अव्यवस्थेपेक्षांहि अधिक घातक ठरते. रिकामा कप्पा मला ‘कांहीं आलेलें नाहीं’ असें सांगत होता. खरें तर त्यानें ‘माझ्याकडे कांहीं आलेलें नाहीं’ एवढेंच सांगावयास हवें होतें. या दोन वाक्यांतील अंतरांत एका मुलीचें वर्ष गेलें. माझा दोष मी नाकारीत नाहीं. विचारपूस करणें, अर्ज कधीं केलास असें तिला एकदां फोनवर विचारणें, हें माझ्या हातीं होतें, आणि मीं तें केलें नाहीं. परंतु माणसाच्या विस्मृतीला आधार म्हणूनच तर आपण हीं साधनें घेतों. काठी घेऊन चालणारा पडला तर पायांना दोष आहेच. पण काठी मध्येंच पोकळ होती, याचाहि विचार व्हावयास नको काय?

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे, कारण त्यांत तथ्यांश आहे. परक्या खात्यांतील पत्रें आपल्या पेटींत दिसतात तीं बहुधा आयमॅप नांवाच्या पद्धतीनें. ही पद्धति मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ सालीं रचली. तिच्यांत पत्रें मूळ सर्व्हरवरच राहतात. आपली पेटी तीं पाहते, उघडते, एका कप्प्यांतून दुसऱ्यांत हलवते. परंतु ‘यापुढें येणाऱ्या पत्रांचें अमुक करीत जा’ अशी कायमची आज्ञा त्या सर्व्हरला देण्याची तरतूद आयमॅपच्या मूळ रचनेंत नाहीं. घरच्या खात्याचे नियम घरच्या सर्व्हरवर बसलेले असतात आणि तुमचा संगणक बंद असला तरी ते चालतात. परक्या घरांत जाऊन आम्हीं आमचे नियम कसे बसवावे, असा रचनाकारांचा प्रश्न आहे. आणि वरवर पाहतां तो रास्त वाटतो.

परंतु थोडें खोल गेलें कीं या बचावाचे टांके उसवतात. पहिली गोष्ट, परका सर्व्हर आज्ञा घेत नसला तरी पत्र हलवूं देतो. मग पेटी उघडी असेल तेव्हां तिनेंच आलेलें पत्र पाहावें आणि नियमाप्रमाणें हलवावें, यास हरकत कोणती? अनेक जुन्या पत्रपेट्या हेंच करीत असत. मोझिलाचें ‘थंडरबर्ड’, ज्याची पहिली पूर्ण आवृत्ति २००४ सालीं निघाली आणि जें आजहि विनामूल्य मिळतें, तें कोणत्याहि कंपनीच्या खात्याला नियम लावूं देतें; अट एवढीच कीं संगणक चालू आणि पेटी उघडी असावी. म्हणजे जें एका विनामूल्य पेटीला साधतें तें मातबर कंपनीला साधत नाहीं, असें मानणें कठीण आहे. दुसरी गोष्ट, नव्या पेट्यांपैकीं कांहीं तर परक्या खात्यांतील पत्रांची एक प्रत आपल्या कंपनीच्या क्लाउडमध्यें, म्हणजे स्वतःच्याच सर्व्हरवर आणून ठेवतात. शोध जलद व्हावा आणि इतर सोयी देतां याव्यात, हें त्याचें कारण सांगतात. पत्रें घरांत आणून ठेवतां येतात, चाळतां येतात, त्यांवर शोध चालवतां येतो. मग निवडण्याच्या वेळींच तेवढीं तीं परकीं कशीं होतात? तिसरी गोष्ट, परक्या सर्व्हरला नियम कळविण्याचा मार्ग मुळींच नाहीं असेंहि नाहीं. सीव्ह भाषेंत लिहिलेले नियम दूर बसून सर्व्हरवर चढविण्याचें मानक २०१० सालींच प्रसिद्ध झालें आहे. कांहीं सर्व्हर तें पाळतात, अनेक मोठे पाळीत नाहींत. अर्थात् येथें दोष दोन्ही बाजूंचा आहे: पेटी विचारीत नाहीं आणि परका सर्व्हर दार उघडीत नाहीं. दोन घरांच्या अबोल्यांत पत्र मात्र उंबऱ्यावर पडून राहतें.

तेव्हां प्रश्न शक्यतेचा नाहीं, औचित्याचा आहे. आपल्या साहित्यशास्त्रांत अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र यानें औचित्याला काव्याच्या जीविताचें स्थान दिलें. प्रत्येक गोष्ट स्वतः चांगली असून भागत नाहीं. ती आपल्या जागीं, आपल्या प्रमाणांत असावी लागते, हा त्याचा आशय. त्या कसोटीवर ही पेटी उतरत नाहीं. तिचे अलंकार पुष्कळ आहेत. रंग बदलतां येतात, पार्श्वभूमीला चित्र लावतां येतें, उत्तराला हंसरे चेहरे जोडतां येतात. पण ज्या कामासाठीं पत्रपेटी असते तें काम, म्हणजे पत्राला त्याचें स्थान देणें, तेवढें अपुरें आहे. कंपनीच्या मनांत काय आहे तें मी सांगूं शकत नाहीं, आणि तिच्यावर दुष्ट हेतूचा आरोपहि करीत नाहीं. परिणाम मात्र डोळ्यांना दिसतो. घरच्या खात्याला सर्व सोयी, परक्याला जेमतेम प्रवेश. मग दमलेला माणूस हळूहळू आपला सारा पत्रव्यवहार घरच्या खात्याकडे वळवूं लागतो. हेतु नसतांनाहि होणारी ही ओढ फार बलवत्तर असते.

उपाय नाहींत काय? आहेत, आणि प्रत्येकाला कांहीं ना कांहीं खोट आहे. परक्या खात्यांतील पत्रें आपोआप घरच्या खात्याकडे पाठवावीं, म्हणजे घरचे नियम त्यांना लागतील, असें एक सुचवतात. परंतु असें पुढें धाडलेलें पत्र मूळ प्रेषकाच्या सर्व्हरवरून न येतां मधल्याच सर्व्हरवरून येतें, म्हणून त्याच्या खरेपणाविषयीं संशय घेतला जातो आणि कधीं कधीं तें निरुपयोगी पत्रांच्या कप्प्यांत टाकलें जातें. म्हणजे ढिगांतून उचललेलें पत्र केराच्या टोपलींत! शिवाय खासगी पत्रव्यवहार नोकरीच्या खात्यांत ओतणें कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच. दुसरा उपाय, प्रत्येक परक्या खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन तेथल्या पद्धतीनें नियम लिहावे. हा उपाय निर्दोष आहे, आणि शेवटीं मीं तोच पत्करला. पण मग ‘सारीं खातीं एकाच ठिकाणीं’ या अभिवचनाचें काय झालें? तीन खात्यांसाठीं तीन भाषांत तीन वेळां तोच नियम लिहावयाचा असेल, तर एकच खिडकी ही केवळ पाहण्यापुरती एक आहे. तिसरा उपाय, पेटीच बदलणें. तरुणांना तो सुचतो आणि साधतोहि. परंतु पन्नाशी उलटलेल्या, वीस वर्षांच्या पत्रांचा संसार मांडून बसलेल्या माणसाला घर बदलणें जितकें सोपें तितकेंच पेटी बदलणें.

चौथा एक उपाय कंपन्या स्वतःच पुढें करतात, आणि तोच मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. नियम लिहिण्याची दगदग कशाला? आमचें यंत्रच तुमच्या पत्रांतून महत्त्वाचीं कोणतीं आणि इतर कोणतीं हें ओळखील, असें त्या म्हणतात. २०१३ पासून जी-मेलनें जाहिराती, सामाजिक वार्ता आणि मुख्य पत्रें असे आपोआप पडणारे भाग केले. पुढें इतरांनींहि आपापल्या परीनें तेंच केलें. या यंत्रांचें कौशल्य मी कमी लेखीत नाहीं. निरुपयोगी पत्रें ओळखण्यांत त्यांनीं आपले अगणित तास वांचविले आहेत. परंतु ‘निरुपयोगी’ ओळखणें निराळें आणि ‘महत्त्वाचें’ ओळखणें निराळें. महत्त्व हें पत्रांत नसतें. तें पत्र आणि वाचणारा यांच्या नात्यांत असतें. एका अनोळखी संगणकानें धाडलेलें, कोणाचीहि सही नसलेलें, साच्यांतून निघालेलें पत्र यंत्राला जाहिरातीसारखेंच दिसणार. त्याच्यामागें बैलगाडीच्या वाटेवरचें एक घर आहे, आणि त्या घरांत दिवा लावून अर्ज भरणारी एक मुलगी आहे, हें त्याला कोण सांगणार? तें मी सांगूं शकतों. आणि सांगण्याचा मार्ग म्हणजेच नियम. यंत्राची निवड ही पुष्कळांच्या संवयींची सरासरी असते. माझा नियम ही माझ्या कर्तव्याची यादी आहे. पहिलीनें दुसरीला मदत करावी. तिची जागा घेऊं नये.

याच कारणासाठीं नियम लिहिण्याची सोय ही मी एक क्षुद्र तांत्रिक बाब समजत नाहीं. माझ्याकडे येणाऱ्या शब्दांपैकीं कोणते मी आधीं ऐकावे, हें ठरविण्याचा अधिकार तिच्यांत आहे. तो अधिकार माझ्या एका खात्याला असावा आणि दुसऱ्याला नसावा, कां तर दुसऱ्याचें भाडें निराळ्या मालकाकडे जातें, हें विचित्र आहे. वेलणकरांच्या सहा अंकांनीं पत्र कोणत्या पेटींत टाकलें होतें याची चौकशी कधींच केली नाहीं. त्यांना जावयाचें कोठें एवढेंच ठाऊक होतें. पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वीं एका कवीला कागदावर जें साधलें, तें आज एवढ्या मोठ्या यंत्रशाळांना असाध्य असावें, हें मला पटत नाहीं.

रचनाकारांकडे माझें मागणें मोठें नाहीं. परक्या खात्यांना नियम लावूं द्यावे, निदान पेटी उघडी असेपर्यंत तरी. तेवढेंहि जमत नसेल तर खातें जोडतांनाच स्पष्ट सांगावें कीं, या खात्याला नियम लागणार नाहींत. आणि एखाद्या कप्प्यांत फक्त एकाच खात्याचीं पत्रें येत असतील, तर त्या कप्प्यावर तसें लिहावें. यांतील शेवटचीं दोन कामें पूर्ण करावयास फार मोठी बुद्धि लागत नाहीं. लागतो तो वापरणाऱ्याविषयींचा आदर.

त्या मुलीला मीं फोन केला तेव्हां ती रागावली नाहीं. ‘सर, तुम्हांला वेळ मिळाला नसेल, मला वाटलंच होतं,’ एवढेंच ती म्हणाली. मला वेळ नव्हता असें नव्हे, आणि तेंच तिला समजावून सांगतां येईना. खाती, सर्व्हर आणि नियम यांची ही सारी हकीकत मीं तिला सांगावयास आरंभ केला आणि मध्येंच थांबलों. कारण ती खरी असली तरी सबबीसारखी ऐकूं येत होती. यंदा ती पुन्हां अर्ज करणार आहे. जुन्या खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन मीं आतां नियम लिहून ठेवला आहे. शिवाय अर्जाची मुदत एका कागदावर लिहून तो कागद टेबलासमोरच्या भिंतीला चिकटविला आहे. दोहोंपैकीं मी कशावर अधिक विसंबून आहें, असें कोणी विचारलें, तर उत्तर या पत्रपेटीच्या कीर्तीला शोभणारें नाहीं.